रात्री फोन कोणाला जायचा, ते आधी ठरव

हे बघ राणी, तू घाबरली आहेस हे मला फोनवर तुझ्या आवाजावरूनच कळलं. कोल्ड स्टोरेजची सगळी मशिनरी घरबसल्या दिसली पाहिजे आणि काही बिघडलं की मोबाइलवर अलार्म आला पाहिजे, असं मालक म्हणाले आणि काम तुझ्यावर आलं. नोकरीला लागून तुला वर्षही झालेलं नाही. तरी मला वाटतं, हे काम नव्या माणसाकडे आलं ते बरंच झालं. नव्या माणसाला साधे प्रश्न विचारायची मुभा असते, आणि या कामात सगळी मेख साध्या प्रश्नांतच आहे.

आलेली कोटेशनं दोन दिवस बाजूला ठेव. त्यांत सेन्सर असतील, गेटवे असेल, क्लाउडची वर्षाची वर्गणी असेल, मालकांच्या केबिनमध्ये लावायचा मोठा टीव्हीसुद्धा असेल. पण रात्री अडीच वाजता अलार्म वाजला तर कोण उठणार आणि उठून काय करणार, हे एकाही कोटेशनमध्ये नसेल. ते तुलाच लिहायचं आहे, आणि तेच खरं काम आहे.

त्यासाठी कॉम्प्रेसर रूममध्ये जे काका इतकी वर्षं आहेत, त्यांच्याजवळ जाऊन बस. हातात लॅपटॉप नको, वही ने. "काका, रात्री तुम्हाला धावत यावं लागलं ते कशाकशामुळे?" एवढंच विचार आणि लिहीत जा. ते सांगतील, लाइट गेली आणि डिझेल जनरेटरनं लोड घेतला नाही. कंडेन्सरचा पाण्याचा पंप ट्रिप झाला आणि हेड प्रेशर चढलं. हमालांनी दार नीट लावलं नाही. एक फेज गेला. बोलता बोलता पाच-सहा, फार तर आठ गोष्टी निघतील. तुझी अलार्मची यादी तीच. बाकी सगळं रेकॉर्डला जाऊ दे, ग्राफ काढू दे, सकाळी चहा पिताना बघ. पण रात्री माणसाला उठवायचा अधिकार फक्त त्या आठ गोष्टींना दे.

सिस्टीम विकणारा माणूस म्हणेल, "मॅडम, शंभर पॉइंट आहेत, शंभरही पॉइंटना अलार्म देता येतो, पैसे तेवढेच." तिथे ठाम राहा. जास्त अलार्म म्हणजे जास्त सुरक्षितता, हा समज किती महागात पडतो याचं उदाहरण जगभर शिकवलं जातं. वेल्समधल्या मिल्फर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात 24 जुलै 1994 रोजी स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या 11 मिनिटांत तिथल्या दोन ऑपरेटरना 275 अलार्म आले होते. अकरा मिनिटांत पावणेतीनशे! त्यांतला कामाचा कोणता, हे कुठला माणूस ओळखणार? तो रविवार होता, कारखान्यात माणसं कमी होती, म्हणून 26 जण जखमी होण्यावर निभावलं. पुढे 1999 मध्ये ब्रिटनमधल्या अभियांत्रिकी यंत्रसामग्री वापरणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेनं अलार्मबद्दल जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात एका ऑपरेटरला सरासरी दहा मिनिटांत एकापेक्षा जास्त अलार्म येऊ नये असं धरलं आहे. हा हिशेब कंट्रोल रूममध्ये जागं बसलेल्या माणसाचा. घरी झोपलेल्या माणसाला आठवड्यातून दोनदा विनाकारण उठवलंस, तर तिसऱ्यांदा तो फोन सायलेंटवर टाकेल. त्याला दोष देऊ नकोस, कोणीही तेच करेल.

त्याच अपघातातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिथला एक व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला होता आणि कंट्रोल रूमच्या पडद्यावर मात्र तो उघडा दिसत होता. आपल्याकडेही हे रोज घडू शकतं. पॅनेलमधल्या कॉन्टॅक्टरचा सिग्नल घेतला तर तुला एवढंच कळतं की पंपाला चालू हो असं सांगितलं गेलंय. पंप खरंच फिरतोय का, ते कळत नाही. म्हणून मोटरच्या केबलवर सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, बसव आणि करंट बघ. त्याहून चांगलं म्हणजे पाण्याच्या लाइनवर फ्लो स्विच टाक. पट्टा तुटला तरी मोटर फिरतच असते, कॉन्टॅक्टर तर खुशाल आत असतो. पाणी मात्र थांबलेलं असतं. जिथे शक्य आहे तिथे परिणाम मोज.

आता खोलीच्या तापमानाचं. तुमच्याकडे सासवडचा मटार उणे 18 ला ठेवतात ना? मग अलार्म उणे 15 ला लावू या, असं कोणीतरी म्हणेल आणि सगळे माना डोलावतील. पण माल भरताना दार उघडं असतं, डीफ्रॉस्ट चालू असताना कॉइलजवळची हवा गरम होते, आणि तेवढ्यात तापमान चढून पुन्हा उतरतंही. मालाच्या आतलं तापमान तेवढ्यात हलत नाही. म्हणून नुसता आकडा देऊ नकोस, त्याला वेळेची जोड दे: अमुक तापमानाच्या वर सलग अर्धा तास राहिलं तरच फोन. परत अलार्म विझायचा आकडाही दोन अंश खाली ठेव, नाहीतर सीमेवर तापमान हेलकावे खातं आणि मेसेजवर मेसेज येत राहतात. अर्धा तास की चाळीस मिनिटं, हे माझ्याकडून घेऊ नकोस. आठवडाभर नुसतं रेकॉर्ड कर, तुमच्या खोल्या कशा वागतात ते ग्राफवर बघ, मग ठरव.

ऑईल प्रेशरला मात्र ही सवलत नाही. तिथे काही सेकंदांचा मामला असतो. म्हणूनच एक गोष्ट पक्की डोक्यात ठेव: मशीन वाचवायचं काम पॅनेलमधल्या वायरिंगचं आहे. ऑईल प्रेशर पडलं, हेड प्रेशर चढलं, फेज गेला तर कॉम्प्रेसर जागच्या जागी, इंटरनेट असो वा नसो, आपोआप ट्रिप व्हायलाच हवा. तुझ्या सिस्टीमनं फक्त सांगायचं की तो ट्रिप झालाय. "मॅडम, आता सगळं क्लाउडवरून होईल, तो जुना प्रेशर स्विच काढून टाकू," असं कोणी म्हणालं तर त्या दिवशी त्याला चहा पाजून परत पाठव.

मशिनरीतल्या अमोनियाचा अलार्म तर वेगळाच धर. तिथे आधी जवळच्या माणसाचा जीव, मग बाकीचं. गळती झाली तर पहिला हूटर कॉम्प्रेसर रूमच्या आत आणि दाराबाहेर वाजला पाहिजे, म्हणजे आतला बाहेर पळेल आणि बाहेरचा आत जाणार नाही. मोबाइलवरचा मेसेज त्यानंतर. आठ तासांच्या कामासाठी हवेत अमोनियाचं प्रमाण 25 पीपीएमच्या आत असावं असं मानतात, आणि 300 पीपीएमला तर ते थेट जिवावर बेतणारं धरलं जातं. तेव्हा पहिली पायरी 25 च्या आसपास ठेव आणि पुढची पायरी 300 च्या पुष्कळ खाली. अमोनियाची वाफ हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे डिटेक्टर वर, छताकडे बसवतात. बंद करायचं मेन स्विच मात्र खोलीच्या बाहेर हवं. आत असलं तर त्याचा काय उपयोग? आणि वारा कुठल्या दिशेनं आहे ते दाखवणारा कापडी नळा छपरावर लावून घे. साधीशी वस्तू, पण पळायचं कुठे हे तीच सांगते.

तू फोनवर विचारलंस की आपल्या इथे असं दुरून यंत्रं सांभाळायचं काम कोणी मोठ्या प्रमाणावर केलंय का. अगं, तुझ्या रोजच्या बसच्या वाटेवर नसलं तरी आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे ना, ती महाकाय रेडिओ दुर्बीण. गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात ज्यांचं केंद्र आहे, त्या एनसीआरएची, म्हणजे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, त्यांतल्या 14 मधल्या चौकात आणि 16 तीन दिशांना लांबवर पसरलेल्या, पार 25 किलोमीटरच्या टापूत. शेतं, ओढे, गावं मध्ये. प्रत्येक तबकडी म्हणजे मोटर, गिअर, ब्रेक असलेलं एक जड यंत्रच की! प्रत्येकीजवळ माणूस बसवून कसं चालेल? एका कंट्रोल रूममधून, ऑप्टिकल फायबरवरून, त्या हलवतात आणि त्यांची तब्येतही बघतात.

मला त्यांचा वाऱ्याचा नियम फार आवडतो. वारा ताशी 40 किलोमीटरच्या वर जाऊ लागला की तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या केल्या जातात. समोर कोणाचं कितीही मोलाचं निरीक्षण चालू असो, परदेशातल्या शास्त्रज्ञाला मोठ्या मुश्किलीनं मिळालेली वेळ असो. आकडा आधी ठरलाय, कृती आधी ठरलीय. वादळ आल्यावर फोनाफोनी करून, कोणाला विचारू, कोण रागावेल, असा प्रकार नाही. तुझ्या वहीतल्या प्रत्येक अलार्मसमोर असंच लिहिलेलं असू दे: आकडा, माणूस, कृती. कृतीचा रकाना रिकामा राहिला तर तो अलार्म यादीतून खोड. जमलं तर 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास, तिथे जाऊन ये. सामान्य लोकांसाठी दारं उघडी असतात आणि तिथले इंजिनिअर मनापासून समजावून सांगतात.

दुसरं उदाहरण धोक्याचा निरोप वेळेवर न पोचल्याचं. ते जरा कडू आहे, पण पुणेकर म्हणून आपल्याला ते टाळता येत नाही. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, तेव्हा धरणावर आदल्या रात्रभर जवान वाळूच्या पोत्यांनी झुंजत होते. तिथे धोका दिसत होता. खाली शहरात पेठांमधली सकाळ नेहमीसारखीच सुरू झाली होती. माहिती होती, पण ती जिथे पोचायला हवी तिथे वेळेवर नव्हती. आणि अलीकडचं, 25 जुलै 2024 चं. खडकवासला धरणातून 35 हजार क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत घरांत पाणी शिरलं. आम्हाला वेळेवर कळलं नाही, ही तिथल्या रहिवाशांची तक्रार तू वाचली असशील. मला त्यात आणखी एक दिसतं. 35 हजार क्युसेक हा आकडा पाटबंधारे खात्यातल्या माणसाला सगळं काही सांगतो. तळमजल्यावरच्या आजींना त्यातून काय कळणार? त्यांना कळायला हवं की दोन तासांत पार्किंगमध्ये पाणी येईल, गाडी काढा, वर जा.

म्हणून मेसेजचा मजकूर तू स्वतः लिही आणि मराठीत लिही. "टीटी-103 हाय हाय" असा मेसेज वॉचमनदादांना गेला तर ते बिचारे काय करणार? त्याऐवजी: "खोली 3 उणे 11. आधी दार बघा. मग काकांना फोन." बस्स. देवनागरी एसएमएसमध्ये काना-मात्रा धरून 70 अक्षरंच एका मेसेजात बसतात, त्यामुळे आटोपशीर लिहायची सवय आपोआप लागते. कंपनीच्या नावानं आपोआप एसएमएस जाणार असतील तर डीएलटीवर, म्हणजे अशा एसएमएसच्या नोंदणीच्या प्लॅटफॉर्मवर, हेडर आणि मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो, त्यात दिवस जातात. ते काम पहिल्याच आठवड्यात सुरू कर. नाहीतर सगळं बसवून तयार आणि मेसेज मात्र अडकलेला, असं होतं. आणि नुसत्या मेसेजवर विसंबू नकोस. रात्री मेसेजच्या टिंगनं कोणी उठत नाही. घंटी वाजणारा कॉल लाव. पाच मिनिटांत समोरच्यानं "बघतो" असं बटण दाबलं नाही तर कॉल पुढच्या माणसाकडे जाऊ दे, मग त्याच्या पुढच्याकडे.

आता मला तुला ज्याबद्दल सर्वांत जास्त सांगायचंय ते. अलार्म आला नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे, असं धरू नकोस. लाइट गेली, राउटर बंद पडला, सिमचा रिचार्ज संपला, उंदरानं केबल कुरतडली, तरीही तुझा फोन शांतच असतो. त्या शांततेला बोलतं करायचं असतं. सेन्सरसाठी चार ते वीस मिलिअँपचा सिग्नल का वापरतात माहीत आहे ना? शून्याऐवजी चारपासून सुरुवात केली की तार तुटल्यावर करंट शून्य होतो आणि लगेच ओळखू येतं. तेव्हा 3.6 च्या खाली गेलं की "सेन्सर तुटला" असा वेगळा अलार्म दे. गेटवेनं दर मिनिटाला "मी आहे" असं सांगायचं आणि ते थांबलं तर पलीकडच्या सर्व्हरनं स्वतःहून कॉल करायचा. एमक्यूटीटी या उपकरणांच्या निरोपांच्या पद्धतीत तर याची सोय मुळातच आहे. उपकरणाचा संपर्क तुटला की त्यानं आधीच लिहून ठेवलेला निरोप ब्रोकर, म्हणजे मधला सर्व्हर, तो मागणाऱ्या सगळ्यांना पाठवतो. वाळवंटातल्या तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहातून नजर ठेवायला 1999 मध्ये ते तयार झालं होतं, त्यामुळे तुटणारा संपर्क त्याच्या हाडीमाशी आहे. कोटेशन देणाऱ्याला एवढंच विचार: "तुमचा डबा मी प्लगमधून काढला तर मला किती मिनिटांत कळेल?" उत्तर देताना तो चाचरला तर पुढच्याला बोलाव.

आणि राउटर, गेटवे, दोन्हींना छोटा यूपीएस हवाच. लाइट गेल्याचं सांगणारं यंत्रच लाइटबरोबर बंद पडतं, हा प्रकार मी फार ठिकाणी पाहिला आहे. ब्रॉडबँडबरोबर एक सिमही ठेव, दुसऱ्या कंपनीचं.

तापमानाच्या सेन्सरकडे स्वतः लक्ष दे. पीटी-100 घे, तीन तारांचा. शून्य अंशाला त्याचा रेझिस्टन्स 100 ओहम असतो आणि दर अंशाला साधारण 0.39 ओहम बदलतो. दोन तारांचा घेतलास आणि लांब केबलचा रेझिस्टन्स दोन ओहम निघाला, तर वाचन पाच अंशांनी चुकेल. उणे 18 ची खोली उणे 13 दिसेल आणि सगळे उगाच धावपळ करतील. बसवण्याआधी प्रत्येक सेन्सर तपास. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा घे, भिजेल एवढंच पाणी घाल, ढवळ, सेन्सर मध्यभागी बुडव आणि थांब. पडद्यावर आकडा हळूहळू उतरत शून्याजवळ येऊन स्थिर झाला पाहिजे. मल्टिमीटरवर 100 ओहम. काकांना समोर उभं कर आणि हे त्यांना करू दे. ज्या आकड्याची त्यांनी स्वतः खात्री केली आहे, त्या आकड्यावर ते रात्री विश्वास ठेवतील. खोलीत सेन्सर दाराजवळ नको, कॉइलच्या पंख्यासमोर नको. माल असतो तिथे, परतीच्या हवेत. आणि सिग्नलची केबल मोटरच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेऊ देऊ नकोस. शील्डचं अर्थिंग एकाच टोकाला. वायरमन म्हणेल काही होत नाही. मोटरचा वेग बदलणारा व्हीएफडी चालू झाला की आकडे नाचायला लागतात, मग शोधत बसावं लागतं.

दुरून बघायची सोय कर, पण दुरून मशीन चालू करायचं बटण मोबाइलवर देऊ नकोस. मालक हौसेनं मागतील. तिकडे फिटर पट्टा बदलायला हात घालून बसलेला असतो आणि इकडे घरून कोणीतरी स्टार्ट दाबतं. दुरुस्तीला मशीन उघडलं की आयसोलेटरला कुलूप आणि किल्ली त्या फिटरच्या खिशात, ही शिस्त आधीपासून असली तरी तू हे बटण देऊच नकोस. फार आग्रह झाला तर सांग, बंद करायचं देते, चालू करायचं जागेवरूनच. या एका बाबतीत नोकरीची भीती बाळगू नकोस. ठाम राहिल्याबद्दल पुढे कोणी बोल लावत नाही.

आणि आता फक्त तुझ्यापुरतं. अलार्मच्या यादीत पहिलं नाव स्वतःचं घालशील, मला माहीत आहे. जबाबदार वाटायचं असतं ना नव्यानं! पण तू धायरीला राहतेस. रात्री अडीचला तुला फोन आला तर हडपसरला पोचेपर्यंत तास जाईल, आणि आई दारात उभी राहील ते वेगळंच. पहिला कॉल जागेवरच्या माणसाला, शिफ्टच्या ऑपरेटरला, नाहीतर वॉचमनला. दुसरा जवळ राहणाऱ्या काकांना. तुझं नाव तिसरं. आणि हे मालकांकडून लेखी घे, कोणत्या आठवड्यात कोण, त्यासहित. जो माणूस रात्रीचा फोन सांभाळतो त्याला त्याचे काही पैसे मिळाले पाहिजेत, हेही तूच काढ. फुकटच्या जागरणावर चालणारी व्यवस्था दोन महिन्यांत कोलमडते.

सगळं बसलं की आठवड्याचा एक दिवस तपासणीचा धर. मी तर गुरुवार म्हणेन. पुण्यात तसाही गुरुवार म्हणजे कधी पाणी बंद, कधी लाइट बंद, भोसरी-चिंचवडला तर सुट्टीच. त्या दिवशी एकेक करून खरा अलार्म उठव: फ्लो स्विच हातानं दाब, सेन्सरची तार काढ, गेटवेचा प्लग काढ. कोणाचा फोन किती मिनिटांत वाजला, ते वहीत लिही. दुरुस्तीसाठी एखादा अलार्म बायपास करावा लागला तर पॅनेलवर लाल टॅग लाव, त्यावर करणाऱ्याचं नाव आणि किती तारखेपर्यंत ते लिही. हूटरमध्ये चिंधी कोंबलेली दिसली तर ओरडू नकोस. चिंधी कोणी कोंबली यापेक्षा तो हूटर इतक्यांदा का वाजत होता, ते शोध आणि ते आधी दुरुस्त कर.

काकांकडून ती यादी घेऊन रविवारी ये. कोटेशनंही आण, दोघी मिळून बघू. आणि यायच्या आधी मालकांना एकच विचार, एका खोलीतला माल गेला तर किती रुपयांचं नुकसान होतं. तो आकडा कळला की यूपीएस, दुसरं सिम आणि रात्रीच्या फोनचा भत्ता मागताना तुला संकोच वाटायचा नाही.